पुठ्ठ्यावरचे पाय

"काकाजी, उभे राहा ना. बसल्यावर पाय लहान भरते." आर्वीच्या बाजारात चपलावाल्यानं आज बाबांना पुठ्ठ्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पाय आखले.

डावा पाय अर्ध्या पेरानं लांब निघाला! "मोठ्या पायाच्या मापानं घ्या. बोटापुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे."

बाबा ४० वर्षं ८ नंबरच मागत आले. आता शुगरमुळे पाय बधिर झालेत. जुन्या बुटानं करंगळीला फोड आला, तो मला दिसला. त्यांना कळलाच नाही.

संध्याकाळी गेलो ते बरं झालं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाचं माप खरं.

जन्मभर पऱ्हाटीत चाललेले हे पाय कुणी मोजलेच नव्हते. मीही नाही.

तुमच्या घरी कधी मोजले?