तुम्ही विचारलंत म्हणून: हिवाळ्यातला वाढदिवस, वावरात आणि बर्फात

नाताळची सुट्टी जवळ आली की एकच प्रश्न दोन तोंडांनी येतो. जळगाव-भुसावळकडचे विचारतात, "पोराचा वाढदिवस डिसेंबरात येतो, हॉल न घेता वावरात भरीत पार्टी करू म्हणतो. चाळीस माणसांना वांगी किती लागतील?" आणि तिकडे टोरांटोला, न्यू जर्सीला गेलेले आपलेच भाचे-पुतणे विचारतात, "मामा, इथं गुडघाभर बर्फ आहे. भरीत जमेल का?" दोघांनाही आधी हेच सांगतो की केकची ऑर्डर सावकाश द्या, जाळ कुठे आणि किती वाजता पेटवायचा ते आधी ठरवा. बाकीचा कार्यक्रम त्याच्या मागून आपोआप लागतो.

आधी वेळ. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सातनंतर थंडी अंगात शिरायला लागते. धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तिकडे सातपुड्यात डाब, तोरणमाळला तर पहाटे गवतावरचं दव गोठतं. खान्देशात बर्फ म्हणायचा तो एवढाच. शहरातली मंडळी पत्रिकेत 'सायंकाळी ७ वाजता' छापतात, आठला पोचतात, आणि म्हातारी माणसं व लहान पोरं कुडकुडत बसतात. आमचा हिशोब असा: साडेतीनला वांगी धुऊन-पुसून तयार, चारला जाळ, पाचला औक्षण आणि केक, साडेसहाला पहिली पंगत, आठला आवराआवर. दुपारचा बेत त्याहून सोपा. फक्त मग भाकरी करणाऱ्या बायांना सकाळी नऊला चुलीपाशी बसावं लागतं, हे आधी त्यांना विचारून घ्या.

तारीख ठरवताना पंचांग बघा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरू होतं. त्या दोन-तीन दिवसांत बाजारात वांग्याचा भाव चढतो. पुढे नऊ दिवसांनी दत्तजयंती. त्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा शहादा-दोंडाईचा रस्त्याने पाहुणे येणार असतील तर त्यांना तास-दीड तास आधी निघायला सांगा. पौषात वाढदिवस करावा की नाही असंही कोणी विचारतं. वाढदिवस म्हणजे काही लग्नाचा मुहूर्त नव्हे. करा.

आता वांगी. भरताला हिरवी, पांढुरक्या पट्ट्यांची, लांबट मोठी वांगी लागतात. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी यासाठी प्रसिद्ध, आणि 'जळगाव भरीत वांगी' या नावाला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. या वांग्यात बिया कमी, गर जास्त आणि साल पातळ. जांभळ्या वांग्याचंही भरीत होतं, पण ते काळपट दिसतं आणि निबर निघालं तर कडवट लागतं. घेताना तीन गोष्टी बघा: साल चकचकीत, देठ हिरवा, आणि आकाराच्या मानाने हाताला हलकं. जड लागलं तर बिया भरलेल्या आहेत असं समजा. बारीकसं भोक दिसलं की ते वांगं बाजूला. आत अळी असते आणि भाजल्यावर ती शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. सगळी वांगी साधारण एका आकाराची निवडा, नाहीतर लहान जळतात आणि मोठी कच्ची राहतात.

माणशी अर्धा किलो कच्ची वांगी धरा. चाळीस माणसांना २० किलो. भाजून सोलल्यावर गर १२ ते १३ किलो उरतो. ऐकणाऱ्याला हे जास्त वाटतं, पण वावरात माणूस घरच्यापेक्षा दीडपट जेवतो.

जळण म्हणजे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, नाहीतर तुराट्या, म्हणजे तुरीच्या. डिसेंबरात तूर बहुधा उभीच असते, म्हणून तुराट्या हव्या असतील तर गेल्या वर्षीच्या साठवलेल्या लागतात. पऱ्हाट्या मात्र कपाशी उपटली की ढिगाने मिळतात. त्यांचा जाळ चटकन धरतो, चटकन मोठा होतो आणि मागे फार निखारा ठेवत नाही. भरताला नेमका तोच लागतो. बाभळीचं लाकूड घेतलं तर वांगं बाहेरून कोळसा होईपर्यंत आत शिजत नाही, आणि आच कमी करणं हातात राहत नाही. पऱ्हाट्या आदल्या रात्री झाकून ठेवा. दवाने ओल्या झालेल्या पऱ्हाट्या नुसत्या धुमसतात आणि त्या धुराचा कडूपणा भरतात उतरतो. पुष्कळदा वांग्याला शिव्या पडतात तो दोष दवाचा असतो.

जागा निवडताना वारा बघा. हिवाळ्यात आपल्याकडे तो बहुतेक उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणून पंगत उत्तरेला आणि जाळ दक्षिणेला. उलटं झालं की सगळा धूर औक्षण करणाऱ्या आत्याबाईंच्या डोळ्यांत. कडब्याची गंजी, कापसाचा ढीग आणि केळीची वाळलेली पानं यांपासून जाळ चांगला लांब ठेवा, आणि वरून विजेची तार जात नाही ना ते बघा. सगळ्यात जास्त विसरतात ते ठिबक सिंचन. पालापाचोळ्याखाली गेलेली नळी दिसत नाही, जाळाने वितळते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडल्यावर वावरवाल्याला कळतं. आधी नळ्या गुंडाळून कडेला ठेवायला लावा.

जमीन झाडून पऱ्हाट्यांचा वीतभर थर द्यायचा, त्यावर वांगी एकेरी मांडायची, वरून पुन्हा पातळ थर, आणि वाऱ्याच्या बाजूने पेटवायचं. एका वेळी सात-आठ किलोच टाका. लांब काठीने उलटत राहायचं, जाळ बसला की मूठभर काड्या वरून. पंधरा ते वीस मिनिटांत साल काळी पडून सुरकुतते आणि वांगं मधे खचतं. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. देठाच्या बुडाशी काडी टोचून बघा, तो भाग सर्वांत शेवटी शिजतो. काडी सहज गेली तर काढा.

भाजलेली वांगी बंद पातेल्यात झाकून ठेवली की वाफेचं पाणी सुटतं आणि भरीत पचपचीत होतं. बांबूच्या टोपलीत किंवा मोठ्या चाळणीत दहा मिनिटं ठेवा, मग देठ धरून गरम असतानाच सोला. बोटं बुडवायला शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, पण वांगं पाण्यात बुडवू नका. ज्या धुरासाठी एवढा खटाटोप केला तो धुऊन जातो. सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. नंतर बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायचं. मिक्सर नको. त्यात बिया दळल्या जातात आणि गर चिकट होऊन पिठल्यासारखा बसतो. ठेचलेल्या गराला रेषा राहिल्या पाहिजेत.

१२-१३ किलो गराला हिरव्या मिरच्या ८०० ग्रॅम ते १ किलो, सोललेला लसूण अर्धा किलो, शेंगदाणे पाऊण किलो, सुक्या खोबऱ्याचे काप पाव किलो, तेल दीड किलो, कांद्याची पात तीन किलो, कोथिंबीर चार-पाच जुड्या, मीठ साधारण १५० ग्रॅम. मिरच्या थोड्या तेलात परतून लसणासोबत जाडसर ठेचून घ्या. कढईत उरलेलं तेल तापवून शेंगदाणे आणि खोबरं तळा, जाळ कमी करून ठेचा टाका, अर्धा-एक मिनिट हलवा आणि लगेच गर घाला. ठेचा करपला की अख्ख्या वावराला ठसका लागतो. मीठ शेवटी, आणि पात तर कढई उतरवल्यावरच. जाळावर पात मऊ पडते, रंग जातो आणि गोडवाही. टोमॅटो, गरम मसाला, दही यांतलं काहीच नाही. लहान मुलांचा वाटा ठेचा टाकण्यापूर्वी वेगळा काढा आणि त्याला लसणाची नुसती फोडणी द्या. वाढदिवस त्यांचा असतो हे भरीत पार्टीत हटकून विसरलं जातं.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी सहा किलोला काळे अख्खे उडीद दीड किलो, दळतानाच १०० ग्रॅम मीठ. एवढ्यात चाळीस जणांना माणशी दोन भाकरी निघतात. दोन तव्यांवर ऐंशी भाकरींना दोन तास लागतात, म्हणून चूल भरताच्या जाळाआधी पेटली पाहिजे. एवढा वेळ नसेल तर पुऱ्या करा, भरीत-पुरी हीही आपल्याकडची मानाची जोडी आहे. मुळा, गाजर, कांदा, ओल्या हरभऱ्याचे घाटे बाजूला असले की झालं. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, हुरडा मात्र डिसेंबरात मागू नका, तो पुढे जानेवारीच्या अखेरीस बघा.

केकबद्दल थोडक्यात. तो जाळाजवळ उघडू नका, राख बसते. क्रीम थंडीत चांगलं टिकतं, पण सूर्य असताना कापून मोकळे व्हा. वाऱ्यात मेणबत्त्या टिकत नाहीत, औक्षणाच्या निरांजनालाही काचेचा आडोसा लागतो. फुगे दुपारी तट्ट भरले तर उन्हात फुटतात आणि संध्याकाळी गार हवेत मऊ पडतात. थोडे कमी भरून सावलीत ठेवा. वावरातल्या विजेचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून चार्ज केलेले दिवे घरून न्या.

आता बर्फातल्या भाच्यांकडे.

तुमच्याकडे पहिली अडचण पाहुण्यांची. नाताळच्या आठवड्यात अर्धे लोक गावाला गेलेले असतात आणि उरलेल्यांना वादळ अडवतं. आमंत्रणातच दुसरी तारीख लिहा: बर्फाच्या वादळाचा इशारा आला तर पुढच्या शनिवारी. वाढदिवस २५ डिसेंबरला असेल तर केक २४ च्या दुपारपर्यंत घरी आणा, २५ ला बहुतेक दुकानं बंद असतात. गार गाडीतून आणलेला केक उबदार खोलीत लगेच उघडला तर त्यावर पाणी धरतं. खोक्यातच तास-दीड तास राहू द्या. आणि मुलाला वाढदिवसाची भेट वेगळी द्या. नाताळची आणि वाढदिवसाची मिळून एकच भेट मिळाली की मुलं तो विषय वर्षभर काढतात.

भरताला तिथलं मोठं जांभळं वांगं चालतं, पण साल जाड आणि पाणी जास्त असतं. भारतीय दुकानात हिरवी लांबट वांगी दिसली तर तीच उचला. सुरीने सात-आठ ठिकाणी टोचा, नाहीतर ओव्हनमध्ये फुटून सगळीकडे उडेल. तेलाचा हात लावून २२० अंश सेल्सिअसवर ४० ते ५० मिनिटं, मधे एकदा उलटून. शेवटी वरची आच पूर्ण करून पाच मिनिटं, साल काळी होईपर्यंत. तेव्हा खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. सोललेला गर चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. ही पायरी आपल्याकडे लागत नाही, तुम्हाला लागते.

धुराचा वास हवाच असेल तर अंगणातल्या ग्रिलवर भाजा. गार हवेत ती तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते आणि दर वेळी झाकण उघडलं की आच पडते, म्हणून सारखं डोकावू नका. ब्यूटेनची छोटी डबी गोठणबिंदूच्या खाली गॅसच सोडत नाही, कारण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतं, ते घ्या. ग्रिल भिंतीपासून तीन मीटर दूर ठेवा, आणि आधी खालचा व भोवतालचा बर्फ खरवडा. उष्णतेने वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि कढई घेऊन येणारा घसरतो.

एक गोष्ट इकडच्या आणि तिकडच्या दोघांनाही निक्षून सांगतो. कोळशाची शेगडी किंवा ग्रिल बंद खोलीत, गॅरेजमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये पेटवायची नाही, उबेसाठी तर नाहीच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेतातल्या खोलीत राखणदार शेगडी घेऊन दार लावून घेतात तेव्हाही हाच धोका असतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं तर आधी बाहेर उघड्यावर या.

उरलेलं भरीत इथल्या थंडीत झाकून ठेवलं तर सकाळी शिळ्या भाकरीशी उत्तम लागतं, पण ऊन चढण्याआधी संपवा. तिकडच्यांनी बर्फात पातेलं पुरून ठेवायची हौस करू नये; दुपारच्या उन्हात वरचा थर गरम होतो आणि रात्री रॅकून नावाचा तिकडचा रानटी प्राणी झाकण काढतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालतं. पात घातलेली असेल तर पुन्हा गरम करताना मऊ पडते, म्हणून उद्यासाठी ठेवायचा वाटा पात घालण्याआधीच बाजूला काढा.