शंभर दिवसांचा बेदाणा

इटलीतल्या व्हेरोनाहून नेग्रार गावची बस पकडली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढे डोंगर आहेत की नाहीत तेच कळेना. नोव्हेंबर निम्मा सरला होता. लोक वायनरी बघायला तोडणीच्या हंगामात जातात. मला तोडणीनंतरचंच बघायचं होतं. आम्ही तासगावचे, घराच्या दोन पिढ्या बेदाण्याच्या शेडवर गेलेल्या. व्हेरोनाजवळच्या या वाल्पोलिचेल्ला भागात वाईनसाठी द्राक्षं वाळवतात हे कळल्यापासून हा दौरा डोक्यात होता.

वायनरी म्हणजे राहतं घरच. तळघरात लाकडी पिंपं, मध्ये माणसं, माळ्यावर द्राक्षं. मुलगी इंग्रजी बोलणारी. वडील सत्तरीचे, त्यांचं सगळं हातवाऱ्यांवर. जिना चढतानाच वास आला. आमच्या शेडवर घड बुडवायच्या डिपिंग ऑइलचा वास नाकात बसतो, इथे नुसता पिकल्या फळाचा, गार वास.

कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला अशी काळी द्राक्षं क्रेटमध्ये एकेरी थरात मांडलेली. कोपऱ्यात बोरूच्या जुन्या ताट्या उभ्या होत्या, त्यांना 'आरेले' म्हणतात. पूर्वी याच ताट्यांवर आधी रेशमाचे किडे पोसायचे आणि तोडणी झाली की द्राक्षं पसरायची.

आमच्याकडे पोटॅशियम कार्बोनेट नि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळून घड जाळीवर टाकले की पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार, चार किलोचा एक. इथे सालीला काही लावत नाहीत, त्यामुळे पाणी अगदी सावकाश उडतं. शंभर-एकशेवीस दिवस लागतात, आणि तरी वजन घटतं ते तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच जास्त. साधारणपणे १ डिसेंबरआधी ही द्राक्षं चिरडायची नाहीत असा नियमच आहे.

म्हाताऱ्याने एक घड उचलला, पालथा केला, नखाने देठ बाजूला सारून आत डोकावला आणि बुरशी धरलेला एकच मणी कात्रीने टिपून काढला. घरी आमचे आबा अगदी असंच करतात. मला राहवेना. तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

"औषध न्हाई? मग दमट हवेत काय करत्यात?" आबांचा पहिला प्रश्न. मी फोन खिडक्यांकडे फिरवला. कोरडं वारं असेल तर उघड्या, धुकं पडलं की बंद आणि पंखे चालू.

"आणि वाळवून परत रस काढायचा? मग वाळवायचा कशाला?"

याचं उत्तर तळघरात चाखायला मिळालं. वाळलेल्या द्राक्षांची गोड वाईन म्हणजे रेचोतो. घडाच्या वरच्या दोन पंखांना इथल्या बोलीत कान म्हणतात, त्यावरून ते नाव. सगळी साखर आंबून संपू दिली की होते कडवट, दमदार अमारोने. उरलेल्या चोथ्यावर साधी वाईन ओतून पुन्हा मुरवतात, ती रिपास्सो. चिंचेचा दुसरा कोळ काढावा तसं. खरं सांगू, अमारोनेने माझी जीभ आवळली. रेचोतोचा मात्र दुसरा ग्लास मागितला.

बाटलीची किंमत ऐकून आबा बराच वेळ गप्प होते. रात्री त्यांचा मेसेज आला: 'त्या ताट्यांचा फोटो पाठव. लांबी-रुंदी विचारून घे.'