अंकल ‘पोले’ म्हणाले

गेले आठ दिवस प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडते, दोन ओळी वाचते, बंद करते. बुधवारी काय झालं ते एकदा लिहून काढलं तर कदाचित पुढे सरकेन.

मी लंडनच्या एका विद्यापीठात केनियातल्या वसाहती कारभारावर पीएच.डी. करते. म्हणजे आठवड्याचे चार दिवस क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार. सामान लॉकरमध्ये, वही पारदर्शक पिशवीत, पेन आत न्यायचंच नाही, फक्त पेन्सिल. लोकांना वाटतं आम्ही तिथे गुपितं वाचतो. आम्ही आकडे मोजतो. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाकलेला असतो. 41 नंतर एकदम 44 आला की हात थांबतो. मग टॅगची भोकं बघायची, आधीच्या कागदावर पुसट उल्लेख राहिलाय का ते शोधायचं. आमच्या विभागात ‘आर्काइव्ह’ या शब्दावर तासभर बोलणारे भरपूर आहेत. जुन्या नस्तीचा टॅग कागद न फाडता सोडवता येणारे दोघं-तिघं असतील.

माझ्या नस्त्यांचा संग्रह ‘एफसीओ 141’, म्हणजे ब्रिटिश परराष्ट्र खात्याने वसाहतींमधून उचलून आणलेले कागद. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात छळ झालेल्या वृद्ध केनियनांनी 2009 मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा ही खोकी बाहेर आली. 37 वसाहतींमधल्या सुमारे 8,800 नस्त्या हॅन्सलोप पार्कच्या सरकारी आवारात पडून असल्याचं 2011 मध्ये मान्य करावं लागलं. 2013 मध्ये तडजोड झाली: 5,228 जणांना भरपाई, आणि संसदेत ‘मनापासून खेद’. माफी नाही, कायदेशीर जबाबदारीही नाही. आणि कागद अजून लंडनातच. आपल्याच आजोबांवरची नस्ती वाचायला केनियन विद्यार्थ्याने व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं, आणि आम्ही परिसंवादात ‘ज्ञानाच्या निर्वसाहतीकरणा’वर चहा प्यायचा.

तर माझं तिसरं प्रकरण. 1961 पासून नैरोबीत कागदांची वर्गवारी सुरू झाली. स्वतंत्र केनियाच्या नव्या सरकारला द्यायच्या त्या ‘लेगसी’ नस्त्या. द्यायच्या नाहीत त्या ‘वॉच’, त्यांच्यावर ‘डब्ल्यू’चा शिक्का. या ‘वॉच’ नस्त्या कुठे गायब झाल्या हे कळू नये म्हणून काहींच्या जागी खोट्या नस्त्या तयार करून ठेवायच्या. जाळायच्या त्यांची राखसुद्धा कुटून बारीक करायची, समुद्रात टाकायच्या तर वजन बांधलेल्या पेट्यांतून, खोल पाण्यात. आणि या नस्त्यांना हात कुणी लावायचा? युरोपीय वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनानेच.

हा नियम वाचला त्या दिवशी मला विषय सापडला असं वाटलं होतं. नैरोबीच्या कचेऱ्या चालवत कोण होतं? गोवेकर आणि इतर हिंदी कारकून. पगार गोऱ्यापेक्षा कमी, आफ्रिकनापेक्षा जास्त. नस्ती कुठल्या कपाटात आहे ते यांनाच ठाऊक, आणि शेवटी यांनाच दाराबाहेर काढलं. मी वेंगुर्ल्याची, हे वाचून मला आपल्या माणसांचा अपमान जरा जास्तच झोंबला. प्रकरणाला मथळा दिला होता, ‘बहिष्कृत कारकून’.

बुधवारी विभागाच्या चर्चासत्रात तेच वाचलं. पहिल्या रांगेत कोट-टाय घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चर्चासत्र सगळ्यांना खुलं असतं. असे आजोबा येतात, शेवटी बराच वेळ बोलतात, सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतो. सुरू होण्याआधी त्यांनी मला हळूच विचारलं होतं, “तूं खंयचें गो बाय?” मी खूश.

प्रश्नांच्या वेळी ते उभे राहिले. म्हणाले, “आम्हाला बाहेर ठेवलं, बरोबर. पण ते 1961 मध्ये. 1958 ला मी अठरा वर्षांचा होतो, टायपिस्ट म्हणून लागलो. छावणीत डांबलेल्यांच्या याद्या मी टाइप केल्या. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. जाळताना मला दाखवलं नसेल. पण काय जाळलं ते मला माहीत होतं ना बाय, मीच तर टाइप केलं होतं.”

कुणीच काही बोलेना. मग सूत्रसंचालकांनी सावरायला पियो गामा पिंटो काढला. हाही गोवेकरच, पण केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला, 1954 मध्ये पकडला गेला, मांडा बेटावर डांबला गेला, 1965 मध्ये नैरोबीत गोळ्या घालून मारला गेला. ते म्हातारे अंकल म्हणाले, “पिंटो एक. कचेरीत आम्ही किती होतो ते हिला विचारा, हिने मोजलंय.”

मी खरंच मोजलं होतं. तक्ता पडद्यावर होता.

आमच्या वर्गातली, केनियातल्या न्येरीची मुलगी मागे बसली होती. तिचे आजोबा मन्यानीच्या छावणीत होते, हे आम्हाला माहीत होतं. संपल्यावर ती त्यांच्याकडे गेली, मी जवळ उभी. तिने स्वाहिलीत आजोबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते बराच वेळ आठवत राहिले, मग मान हलवली. इतकी नावं होती, म्हणाले. आणि मग म्हणाले, “पोले. पोले साना.”

पोले म्हणजे माफी नव्हे. कुणी पडलं, कुणाच्या घरी मयत झालं, कुणी दमून आलं, तरी पोले म्हणतात. माफी मागायची तर स्वाहिलीत ‘समहानी’ आहे, आणि अंकलची स्वाहिली माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. त्यांना शब्द आठवला नाही असं मला वाटत नाही. की त्या पिढीच्या तोंडी पोलेमध्ये दोन्ही येतं? मी तिला विचारू शकले असते. विचारलं नाही.

तिने “असांते, म्झे”, धन्यवाद आजोबा, म्हटलं, खुर्चीवरचा त्यांचा ओव्हरकोट उचलला आणि बाही धरली. त्यांचा डावा हात वर जात नव्हता, तिने तो आत घालून दिला. मग दोघं लिफ्टकडे गेली. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिले.

मथळ्यातला ‘बहिष्कृत’ काल खोडला. नुसता ‘कारकून’ उरलाय. मार्गदर्शक म्हणतात, मुद्दा अजून ‘गुंतागुंतीचा’ झाला, छानच. शुक्रवारी पुन्हा क्यूला जायचंय. यावेळी जाळलेल्या नस्त्यांच्या नोंदींची नाही, टाइप केलेल्या याद्यांची खोकी मागवलीत. खालच्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं असतात. आजवर मी ती कधी उतरवून घेतली नव्हती.