पुस्तक असतं, शब्द चुकतो

गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागावर प्रबंध लिहायचा ठरला, की मुलं विद्यापीठ ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे ऑनलाइन पुस्तकसूची उघडतात, 'गिरणगाव' टाइप करतात, दोन-चार नोंदी बघतात आणि 'काहीच नाही' म्हणून गूगलकडे वळतात. फार वाईट वाटतं, कारण पुस्तकं बहुतेक वेळा आत कपाटात असतात. फक्त त्यांची नोंद दुसऱ्या शब्दाखाली झालेली असते.

मराठी पुस्तकाची नोंद कुठे देवनागरीत असते, कुठे रोमन लिपीत. रोमनमध्ये 'गाव'च्या शेवटी कुणी व्ही लावतं, कुणी ओ आणि एन. म्हणून दोन्ही लिपी आणि निदान तीन स्पेलिंगं करून बघा. शहराचं नाव अधिकृतपणे 1995 साली 'मुंबई' झालं, त्यामुळे त्याआधीच्या इंग्रजी पुस्तकांसाठी 'बॉम्बे' टाकावंच लागतं. शिवाय 'कॉटन मिल', 'टेक्स्टाइल', 'लेबर' हे शब्द वेगवेगळे शोधा. एक जरी कामाचं पुस्तक सापडलं, तरी त्याची पूर्ण नोंद उघडा आणि तिथल्या विषय-शीर्षकावर क्लिक करा. त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात. ही एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम होतं.

मग कपाटाशी जा. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, हा एकच विषय चार ठिकाणी विखुरतो: संप 331.89 मध्ये, कापडनिर्मिती 677 मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास 954.792 मध्ये आणि मराठी कादंबरी 891.463 मध्ये. एकाच कपाटापुढे उभं राहून यादी पूर्ण होत नाही.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, प्रकरणं नंतर. जुने मराठी प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले किंवा युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमधले असतात. त्यात कंट्रोल-एफ करून काही मिळत नाही आणि कॉपी केलं तर अगम्य अक्षरं उमटतात. तिथे अनुक्रमणिका वाचण्याला पर्याय नाही.

ई-जर्नल्स कॅम्पसच्या वायफायवर उघडतात आणि घरी पैसे मागतात, याचं कारण आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक: कॅम्पसचा क्रमांक दिसला तरच ती उघडतात. घरून वाचण्यासाठी लॉगिन मिळतं का, ते ग्रंथालयात आधीच विचारून ठेवा.

साम्य तपासणी, म्हणजे प्रबंधाचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते बघणं, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य निघालं, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. मजकूर मात्र युनिकोडमध्येच द्या.

ग्रंथपालांकडे जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: विषय, कालखंड, भाषा आणि आतापर्यंत वापरून झालेले शब्द. 'गिरण्यांवर काही आहे का?' या प्रश्नाला ते तरी काय उत्तर देणार? आपल्याकडे नसलेलं साहित्य दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा फोर्टच्या एशियाटिक सोसायटीत बघायचं असेल, तर विभागाचं किंवा ग्रंथालयाचं ओळख करून देणारं पत्र आधी घ्या. तिथे जुनी वर्तमानपत्रं मागताना तारीख नेमकी सांगा. उदाहरणार्थ, गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982ला सुरू झाला, म्हणजे पहिल्या दिवसाची बातमी 19 तारखेच्या अंकात.