काट्याचा मीटर अजून कशासाठी?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व्होल्ट-अँपिअर मोजणारा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळत असताना चोर बाजारातून बेकेलाइटचे, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचे, काट्याचे मीटर उचलून आणायचे आणि रविवारभर ते उघडून दुरुस्त करत बसायचे, यातून काय साधते, असे शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, क्वचित मीटर विकणारा दुकानदारही विचारतो. ‘हौस आहे’ म्हटले की विषय मिटतो. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतो तो अ‍ॅव्होमीटर. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांना कामावर जाताना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजण्यासाठी वेगवेगळी उपकरणे बाळगावी लागत. त्यांनी ती तिन्ही मापे एका पेटीत आणली आणि १९२३ मध्ये हा मीटर बाजारात आला. त्याचे १९५१ मधील ‘मॉडेल ८’ सुधारत सुधारत २००८ पर्यंत बनत राहिले. इतकी वर्षे एखादी वस्तू बनत राहते, त्या अर्थी ती बनवणाऱ्याने ती दुरुस्त होईल याचाही विचार केलेला असतो. आत चिकटवून बंद केलेले जवळजवळ काही नाही. स्क्रू काढले की प्रत्येक रेंजचा, म्हणजे मापाच्या टप्प्याचा, रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला रोध करणारा भाग) वेगळा दिसतो आणि तो तिथे का आहे, हे कागदावर आकडेमोड करून पडताळता येते. मला त्यात खरा रस आहे.

हा मीटर नुसता शोभेचाही नाही. जुन्या चाळीतील एकाच पाइपमधून चालू वायरीला लागून एखादी तोडलेली वायर गेलेली असते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओहम असल्यामुळे शेजारच्या चालू वायरीच्या प्रभावाने त्या मेलेल्या वायरीवरही तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो आणि वायरमन नसलेला दोष शोधत बसतो. मॉडेल ८ मध्ये एसीच्या २५० व्होल्ट रेंजवर हाच रोध अडीच लाख ओहम असतो; तेवढ्या भाराने ते भासमान व्होल्टेज कोसळते आणि काटा शून्यापाशी राहतो. मात्र मीटरमधील कट-आउट (जास्त प्रवाह आला की जोडणी तोडणारी कळ) मुख्यतः मीटरला वाचवतो, माणसाला नव्हे. त्यामुळे फ्यूज असलेल्या प्रोबशिवाय (वायरीला टेकवायच्या टोकांशिवाय) मी हा मीटर घरच्या लाइनवर लावत नाही आणि कोणी लावूही नये.

दुरुस्तीत सर्वांत नाजूक काम अडकणाऱ्या काट्याचे. काटा वर चढताना ठरावीक जागी थबकत असेल, तर बहुधा कॉइल (काटा फिरवणारी तारेची गुंडाळी) आणि लोहचुंबक यांच्यामधील केसाएवढ्या फटीत लोखंडाचा कण बसलेला असतो. फुंकर मारून किंवा ब्रश फिरवून तो निघत नाही, कारण चुंबक त्याला सोडत नाही. चिकटपट्टीची बारीक चिंधी चिमट्यात धरून, भिंगातून पाहत, कॉइलच्या वर-खालच्या हेअरस्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगला, धक्का न लावता तो कण टिपून घ्यावा लागतो. त्याच स्प्रिंगांमधून कॉइलला करंटही जातो, म्हणून त्या वाकल्या की सगळेच बिघडते. तेलाचा थेंब सोडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नये. तेल धूळ धरते आणि काटा आणखी जड होतो. प्लॅस्टिकच्या झाकणाचा मीटर असेल, तर कोरड्या फडक्याने पुसल्यावर झाकणावर स्थिर विद्युतभार साठतो आणि काटा उगाच एका बाजूला ओढला जातो. भांड्यांच्या साबणाचे पातळ पाणी फिरवले की ते थांबते. मुंबईच्या पावसाळ्यात हा त्रास सहसा होत नाही, हा आमच्या हवेचा एवढाच काय तो फायदा.

तोटा मोठा आहे. जुने कार्बन रेझिस्टर ओल धरतात आणि वर्षानुवर्षे त्यांचा रोध वाढत जातो. रेंजच्या दर व्होल्टला २०,००० ओहम रोध असलेल्या मीटरमध्ये डीसीच्या २५० व्होल्ट रेंजसाठी एकूण ५० लाख ओहम हवेत. ते दहा टक्क्यांनी वाढले, तर २०० व्होल्टच्या जागी मीटर १८२ च्या आसपास दाखवतो. काटा डौलात फिरत असतो आणि आकडा खोटा असतो. म्हणून डायल चकाकवण्यापूर्वी मी प्रत्येक रेंज खात्रीच्या मीटरशी ताडून पाहतो आणि चुकणारा रेझिस्टर बदलतो. दिसण्यासाठी मीटर घासूनपुसून विकणाऱ्यांशी माझे पटत नाही ते याच कारणाने.

कॉइल जळालेला मीटर मात्र मी हाती घेत नाही; तो सुट्या भागांसाठी ठेवतो. तुमच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा एखादा मीटर पडून असेल, तर आधी मागचे झाकण उघडून सेल काढून टाका. साधा झिंक-कार्बन सेल गळून त्याच्या जोडणीच्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा खार चढला असेल, तर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा कोरडी करा. सँडपेपर लावू नका. पत्र्यावरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.