राणीच्या बागेतला पॅनोरमा आणि माझा ओळंबा

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. व्हरांड्यातल्या लांबलचक भिंतीवर प्राणिसंग्रहालय रंगवायचं ठरलं, तेव्हा नेटवरचे वाघ-हरणं उचलण्यापेक्षा सरळ मुंबईला राणीच्या बागेत जाऊन अख्खा पिंजरा एका फोटोत आणावा असं डोक्यात आलं, म्हणजे पाणी कुठे, झाड कुठे, त्यात जनावर केवढंसं दिसतं हे खरं कळतं. मोबाईलमध्ये पॅनोरमा असतोच, मोबाईल फिरवत नेला की समोरचं सगळं जोडून एक लांबलचक फोटो होतो. भाट्याच्या किनाऱ्यावर चार संध्याकाळी प्रॅक्टिस केली, फोटो एकदम झकास, समुद्र सरळ, सुरूची झाडं सरळ. म्हटलं जमलं आपल्याला.

तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो, लोकलने भायखळा, आणि बागेच्या गेटवर कळलं की आज बुधवार, बुधवारी बाग बंद. कॅलेंडर घरीच भिंतीवर होतं, आता कुणाला बोलणार. लालबागला भाच्याकडे मुक्काम ठोकला आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला, गेट उघडलं तसा आत.

पाणघोड्यासमोर पहिला पॅनोरमा घेतला तर पुढचं रेलिंग तीन ठिकाणी तुटलेलं, पायऱ्या पडल्यासारखं. परत घेतला, परत तेच. चितळांकडे गेलो तर माझा फोन ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने एक चितळ चालत निघालं आणि फोटोत त्याला सहा पाय आले. वाघाच्या काचेत वाघापेक्षा माझा पांढरा शर्टच जास्त दिसत होता. दिवसभरात एकच फोटो बरा आला, मगरीचा, कारण ती बया अर्धा तास डोळासुद्धा हलवत नव्हती.

रात्री भाच्याने फोटो बघितले नि हसत सुटला. म्हणाला, "मामा, तू स्वतःभोवती फिरतोयस. मोबाईल हातभर लांब, म्हणजे तो केवढं मोठं वर्तुळ मारतो बघ. तुझ्या समुद्राला काय फरक पडतो, तो लांब आहे. रेलिंग तीन फुटांवर, ते सरकणारच." मग टक्कन पेटली ट्यूब. एक डोळा मिटून बोट धरा, मग दुसरा मिटा, बोट मागच्या भिंतीवर उडी मारतं ना, तसंच. कॅमेऱ्याची जागा बदलली की जवळचं आणि लांबचं वेगवेगळं सरकतं आणि मोबाईलला ते जोडता येत नाही. फिरायचं लेन्सभोवती, आपल्याभोवती नाही.

घरी आल्यावर अंगणातल्या गडग्यासमोर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणासमोर, खरा अभ्यास केला. पुढे गडगा, मागे माड, म्हणजे रेलिंग आणि झाडंच झाली. गवंड्याचा ओळंबा असतो तसा दोऱ्याला एक जाड नट बांधला, दोरा रबरबँडने मोबाईलला बरोब्बर लेन्सच्या खाली अडकवला, आणि जमिनीवर चिऱ्यावर खडूने फुली मारली. नट फुलीवरून हलू द्यायचा नाही, आपण बाजूबाजूने पावलं टाकत मोबाईलभोवती फिरायचं. बायको पडवीतून म्हणाली, "अहो, कसली पूजा चाललीय?" पण गडगा जुळला, एकही चिरा फुटला नाही.

पॅनोरमा मोडही सोडला. मोबाईल उभा धरून सात-आठ सुटे फोटो, प्रत्येकात आधीच्याचा एक तृतीयांश भाग तरी यायला हवा, आणि पहिल्याच फोटोआधी स्क्रीन दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायचा, नाहीतर सावलीतला फोटो वेगळा, उन्हातला वेगळा आणि आकाशात पट्टे. जोडायला शाळेच्या कॉम्प्युटरवर हगिन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे. शिकायला वैताग येतो, पण त्यात मास्क करता येतं, म्हणजे एका फोटोतलं हरीण ठेवायचं आणि शेजारच्या फोटोत तेच हरीण परत आलं असेल तर ते झाकून टाकायचं. सहा पायांचा बंदोबस्त तिथे होतो.

जानेवारीत परत गेलो, गुरुवार बघून. काळा शर्ट घातला, आणि काचेसमोर भाच्याने माझ्या डोक्यामागे काळी छत्री उघडून धरली, लोक बघत होते, बघू देत. प्रतिबिंब जवळजवळ गेलं. जाळीचा मात्र पॅनोरमा होत नाही, मी नाद सोडला. लेन्स जाळीला टेकवून सावलीतल्या भोकातून एक फोटो नीट येतो, तेवढाच घ्यावा. चितळांकडे मात्र ओळंबा धरून चाळीस मिनिटं उभा होतो, रखवालदार दोनदा येऊन नट बघून गेला.

भिंतीवर अजून तळं आणि मगर एवढंच झालंय. चितळांच्या जागी खडूच्या रेघा आहेत आणि त्यातलं एक सहा पायांचं आहे, कारण चौथीच्या पोरांनी तो जुना फोटो माझ्या मोबाईलमध्ये बघितला आणि मग ऐकेचनात.