सोपारा ते कार्ला, आई एकवीरेची पायी पालखी

आमच्याकडे वसई-सोपारा पट्ट्यात पायी वारी म्हटलं की पंढरपूर नंतर आठवतं, आधी आठवते कार्ल्याची. आगरी-कोळी गावागावातून चैत्रातल्या यात्रेआधी पालख्या निघतात, प्रत्येक मंडळाचा टीशर्ट वेगळा, टेम्पो वेगळा, बेंजोवाले ठरलेले. आमच्या गावची पालखी मी लहानपणापासून फाट्यापर्यंत सोडायला जायचो आणि परत यायचो, यावेळी आत्या म्हणाली तू काय दर वेळी फाट्यावरून पळतोस रे, चल सरळ, तेव्हा ऑफिसात सुट्टी टाकली आणि निघालो.

रस्ता म्हणाल तर घोडबंदर, ठाणे, मुंब्र्याचा बायपास, शिळफाटा, कळंबोली, पनवेल, मग जुना हायवे धरून चौक, खोपोली आणि घाट. वाचायला सोपं वाटतं पण घोडबंदरला पहाटे कंटेनरच्या शेजारून चालायचं म्हणजे भक्तीपेक्षा रिफ्लेक्टरवाला पट्टा जास्त कामाला येतो. चैत्रातलं ऊन असतं म्हणून पहाटे तीन-चारला उठून चालायचं, दहाच्या आत कुठल्यातरी देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पाठ टेकायची, आणि ऊन उतरलं की परत. आमच्यातले अर्धे अनवाणी. दुपारी बाराला डांबरावर पाय ठेवून बघा एकदा, मग कळेल पहाटे का निघतात. फोड आला की त्यातून सुईदोरा ओवायचा आणि दोरा आतच ठेवायचा, पाणी हळूहळू झिरपून जातं, कातडी निघत नाही. हे डॉक्टरला पटेल का माहीत नाही, पण पालखीत सगळे तेच करतात.

खांदा द्यायची पण एक पद्धत असते. मला वाटायचं ज्याला हौस तो पालखी उचलतो, तसं नाही. उंचीप्रमाणे जोड्या लावतात, नाहीतर पालखी एका बाजूला कलते आणि बुटक्याच्या मानेवर सगळा भार. ठराविक अंतरावर बदली, आणि बदली चालता चालताच करायची, पालखी थांबवायची नाही. गाव आलं की बायका पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन उंबऱ्यात उभ्या असतात, तळोज्याच्या पुढे एका आजीने पालखीपेक्षा आधी आमच्या पायांवर पाणी ओतलं, मला कसंतरीच झालं, मी पाय मागे घेतले तर म्हणाली पाय माघारी घेऊ नको, आईकडं चालल्यात ते. पुढे कोणीतरी "आई माऊलीचा" म्हणून ओरडलं आणि "उदो उदो"मध्ये ते राहून गेलं.

घाट. खोपोली सोडली की खरी वारी. वर चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं, ट्रकवाले गाडीतूनच नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली, आणि बक्षीस काय पाहिजे विचारल्यावर आमचा देश आम्हाला द्या म्हणाला म्हणून त्याला गोळी घातली. बोरघाटातली रेल्वे 1863 ला सुरू झाली हे पुस्तकात असतं, शिंग्रोबा नसतो, पण नारळ शिंग्रोबालाच फुटतो.

पण वाट काही तेव्हाची नाही. सोपारा, कल्याण, चौल ही जुनी बंदरं, आणि तिथला माल देशावर चढायचा तो याच सह्याद्रीच्या घाटांतून. बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ला, भाजे, बेडसे अशी लेणी ओळीने आहेत ती उगीच नाहीत. व्यापाऱ्यांचा रस्ता, भिक्षूंचा पावसाळी मुक्काम आणि दानाचा पैसा, तिन्ही एका जागी आले.

वेहेरगावच्या, म्हणजे आईच्या डोंगराच्या, पायऱ्या चढताना हे काही डोक्यात नसतं, खरं सांगतो. गुलाल, मोगरा, कोंबड्यांचा आवाज, नारळवाल्यांची ओढाताण, वर कुणाच्या तरी अंगात आलेलं. चैत्र शुद्ध षष्ठीला खाली देवघर गावात काळभैरवनाथाची पालखी, तो देवीचा भाऊ मानतात, सप्तमीला वर आईची पालखी. आम्ही रांगेत होतो तेव्हा मागून एवढा रेटा की दर्शन म्हणजे काही सेकंद, समोर शेंदरी तोंडवळा, शेजारी जोगेश्वरी, आणि लगेच पुजाऱ्याचा हात पाठीवर, चला पुढे चला. आत्याने तेवढ्यात ओटी भरली, नवस फेडला, भावजयीची तक्रार पण सांगून झाली. मला काही सुचलंच नाही मागायला.

देवळाला लागूनच चैत्यगृह आहे, म्हणजे स्तूप असलेलं बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह. खरं तर देऊळच चैत्याच्या तोंडाशी आहे, डावीकडे सिंहस्तंभ अजून उभा आहे आणि उजवीकडे त्याचा जोडीदार जिथे असावा असं अभ्यासक म्हणतात तिथे आईचं देऊळ. पालखीवाल्यांतले निम्मेअधिक लोक तिकडे फिरकत नाहीत, तिकीट पडतं आणि पाय दुखतात. मी गेलो, आत्या पण आली, तिला सावली पाहिजे होती.

आत गेल्यावर बाहेरचा बेंजो एकदम लांब जातो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर हत्ती आणि त्यावर बसलेली जोडपी, छताला लाकडाच्या कमानी, त्या दोन हजार वर्षांच्या जुन्या आहेत, स्तूपावरचं लाकडी छत्र पण. एका शिलालेखात वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ म्हणतो की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आहे, आणि बघितल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही. खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलीत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी, बरेच. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याने पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक नावाचं गावच देऊन टाकलेलं. खाली पायऱ्यांवर आपल्याकडे लादीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतं, इथे खांबावर ब्राह्मीत आहे, बाकी हिशोब तोच.

आणि त्यातला एक खांब सोपाऱ्याचा! सोपारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा सातिमित, धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाचा भाणक, म्हणजे सूत्रं पाठ म्हणणारा, त्याने दिलेला, आणि नुसता खांब नाही तर आत धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवलेला खांब. मी आधी वाचून गेलो होतो तरी तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. आमच्या गावात बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी म्हणजे स्तूप, 1882 ला भगवानलाल इंद्रजींनी खणला तेव्हा आत असेच अवशेष ठेवायच्या डब्या निघाल्या. त्या कोटावर आम्ही क्रिकेट खेळलोय. त्या गावचा माणूस धातू घेऊन घाट चढून इथे आला असेल, हा माझा अंदाज, लेखात कसा आला ते नाही, पण गाडी तर नव्हतीच.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या गावचा? आणि स्तूपासमोर जाऊन हात जोडले, ओटीतलं उरलेलं फूल ठेवायला लागली तर गार्ड ओरडला, फूल नाही ठेवायचं मावशी. तिने ते परत पदरात बांधलं आणि त्यालाच विचारलं, मग तुमच्यात काय ठेवतात? तो हसला, म्हणाला मी पण कोळीच आहे आत्या, रूल आहे.

खाली मटणाची भांडी चढली होती, येताना सगळे टेम्पोने, चालून परत कोणी जात नाही. ज्यांना लेणं नीट बघायचंय त्यांनी यात्रेत जाऊ नका, श्रावण सोडून पावसाळ्यातला एखादा आडवार धरा, सकाळी लवकर जा आणि टॉर्च न्या, खांबांवरची अक्षरं आडव्या उजेडातच दिसतात.